जाल्लो : काळे हातमोजे, लखलखता सुरा आणि डोळ्यांनी दिलेला दगा

घुबड

रहस्यपट म्हटला की आपल्या डोक्यात एक ठरावीक गणित असतं. खून होतो, पाच-सहा संशयित समोर येतात, कुणीतरी हुशार माणूस दुवे जुळवतो आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करतो. इटलीत १९६०-७० च्या दशकांत रहस्यपटांची जी लाट आली तिने हे गणित घेतलं आणि खुशाल उधळून लावलं. ही लाट म्हणजे जाल्लो. (नावाचा किस्सा एका ओळीत : मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकादंबऱ्यांची पिवळ्या कव्हरांची मालिका काढली, आणि इटालियनमध्ये पिवळा म्हणजे जाल्लो. झालं.)

धागा काढायचं कारण असं की या पिक्चरांबद्दल कुठेही वाचायला गेलं की रक्त, सुरे आणि सुंदर बायका एवढंच समोर येतं. ते सगळं आहेच. पण मी हे पिक्चर 'खुनी कोण?' यासाठी बघत नाही. 'साक्षीदाराने नक्की काय पाहिलं?' यासाठी बघतो. चांगल्या जाल्लोत गुन्हा बहुतेकदा सुरुवातीलाच कुणीतरी डोळ्यांसमोर बघतं. पुरावा दिलेला असतो. फक्त बघणाऱ्याने त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो, आणि त्याच्याबरोबर आपणही.

मारिओ बावाचा १९६३ चा 'ला रगात्सा के सापेवा त्रोप्पो' बघा. कृष्णधवल आहे. रहस्यकादंबऱ्यांचं व्यसन असलेली एक अमेरिकन मुलगी रोमला येते. रात्री स्पॅनिश स्टेप्सवर एक चोर तिची पर्स हिसकावतो, ती पडते, बेशुद्ध होते. मध्येच अर्धवट शुद्ध येते तेव्हा पाठीत सुरा घुसलेली एक बाई तिला दिसते. सकाळी ना प्रेत, ना रक्ताचा डाग. डॉक्टर म्हणतात, दारू प्यायली असेल. पोलीस म्हणतात, पुस्तकं कमी वाचा. पुढच्या वीस वर्षांच्या सगळ्या जाल्लोंचं बी या एका प्रसंगात आहे.

पुढच्याच वर्षी बावाने 'सेई दोन्ने पेर लास्सासिनो' काढला आणि जाल्लोला त्याचा पोशाख मिळाला : काळे हातमोजे, लांब कोट, हॅट, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं कापड. कथा एका फॅशन हाउसमधली. बावा मूळचा कॅमेरामन, आणि बजेट बेताचं. ट्रॉली परवडत नव्हती म्हणून कॅमेरा लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीवर ठेवून ओढला होता. पण त्या अँटिकच्या दुकानातला प्रसंग बघा. एक मॉडेल रात्री एकटीच आत शिरते. बाहेरचा निऑन चालू-बंद होतोय, त्यामुळे आतल्या मूर्ती, चिलखतं, झुंबरं कधी हिरवी तर कधी जांभळी होतात. मारेकरी त्याच सामानात कुठेतरी उभा आहे. दर वेळी उजेड आला की आपण कोपरे शोधतो, आणि दर वेळी उजेड आपल्या आधी जातो. या प्रसंगात संवाद जवळपास नाहीच.

मग १९७०. दारिओ अर्जेंतो आधी 'पाएसे सेरा' या रोमच्या दैनिकात चित्रपट समीक्षा लिहायचा. सर्जिओ लेओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या कथेवर त्याने बेर्तोलुच्चीबरोबर काम केलं होतं. 'लुच्चेल्लो दाल्ले प्यूमे दी क्रिस्ताल्लो' (स्फटिकाच्या पिसांचा पक्षी) हे त्याचं पहिलं दिग्दर्शन. कॅमेऱ्यावर पुढे तीन ऑस्कर मिळवणारा वित्तोरिओ स्तोरारो, संगीत एन्निओ मोर्रिकोने. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री घरी जाताना काचेच्या भिंतींची आर्ट गॅलरी बघतो. आत काळ्या कोटातली एक आकृती आणि एक बाई सुऱ्यासाठी झटापट करतायत. तो धावतो, आणि दोन काचेच्या दरवाज्यांच्या मध्ये अडकतो. आत जाता येत नाही, बाहेर पडता येत नाही. बाई समोर फरशीवर सरपटतेय, ओरडतेय, आणि याला आवाजही येत नाही. फक्त बघायचं. अख्खा पिक्चर तो एकच गोष्ट आठवत राहतो : त्या दृश्यात काहीतरी खटकत होतं, ते काय?

हाच डाव त्याने १९७५ च्या 'प्रोफोंदो रोस्सो'त परत टाकला आणि कळसाला नेला. पियानोवादक मार्क (डेव्हिड हेमिंग्ज) खून झालेल्या फ्लॅटमध्ये धावत शिरतो. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना चित्रं. नंतर तो म्हणतो, इथलं एक चित्र गायब झालंय. उत्तर त्या कॉरिडॉरच्या शॉटमध्येच आहे, आपल्यालाही दाखवलेलं आहे. शेवट कळल्यावर मागे जाऊन बघा, चक्क दिसतं. याहून जास्त बोलत नाही.

बाकीच्यांबद्दल प्रतिसादांत बोलू. आणि कृपा करून कुणी खुनी फोडू नका!

मोरपिशी

मस्त लिहिलंय. वाचतेय. पण मला रक्त अजिबात बघवत नाही. सुरुवात कुठून करू? की हा धागाच आपला नव्हे?

घुबड

मोरपिशी, वर सांगितलेला १९६३ चा बघा, त्यात रक्त जवळपास नाहीच. किंवा लुचिओ फुल्चीचा 'सेत्ते नोते इन नेरो' (१९७७). फुल्चीचं नाव ऐकून लोक घाबरतात, कारण पुढे तो आतडी-बितडी दाखवण्यासाठी प्रसिद्ध झाला. हा मात्र सरळ, हळू चढत जाणारा पिक्चर आहे. फक्त सुरुवातीचा कड्यावरून उडी मारण्याचा प्रसंग डोळे मिटून काढा.

लोकलचा_डबा

थांबा थांबा. 'सेत्ते नोते' म्हणजे बाईला दृष्टांत होतात, मग ती नवऱ्याच्या जुन्या घरातली भिंत फोडते आणि आत सांगाडा निघतो, तोच ना?

अहो, हा तर आपला '१०० डेज'! माधुरी आणि जॅकी! लहानपणी केबलवर इतक्यांदा लागायचा की भिंत फोडायचा सीन आला की आम्ही भावंडं पांघरुणात.

घुबड

बरोब्बर तोच. आधी मणिवण्णनने १९८४ मध्ये तमिळमध्ये 'नूरावदु नाळ' केला, संगीत इलयाराजा. त्यावरून पार्थो घोषचा '१०० डेज' (१९९१). म्हणजे इटलीतली भिंत चेन्नईमार्गे मुंबईत आली. तिकडे जेनिफर ओ'नील, इकडे माधुरी.

फरक एवढाच की फुल्चीच्या मूळ पिक्चरमध्ये गाणी नाहीत, एक सात सुरांची धून आहे. तिच्यावर शेवट उभा आहे, म्हणून गप्प बसतो.

नागपुरी_संत्री

आणि '१०० डेज'चं संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे आमच्या नागपूरचे विजय पाटील. 'पांडू हवालदार'वाले. लक्ष्मीकांत बेर्डेही होता त्यात. इटालियन जाल्लोच्या नातवाला दादा कोंडक्यांचा संगीतकार आणि आपला लक्ष्या! याच्यावर कुणीतरी पीएचडी करा राव.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), 'सेत्ते नोते'ची ती धून टॅरँटिनोने 'किल बिल'च्या पहिल्या भागात वापरलीय. बघितलेल्यांच्या कानात असेलच.

शुभदा_के

लेख आवडला, पण एका गोष्टीला बगल दिली आहे असं वाटलं. या पिक्चरांत पुरुषही मरतात. पण पुरुष मरतो तो पटकन, एका कटमध्ये. बाई मरते तेव्हा कॅमेऱ्याला वेळच वेळ असतो. कपडे, केस, प्रकाशयोजना, सगळं मन लावून केलेलं. 'सेई दोन्ने'त तर मॉडेलच मरतात, म्हणजे ज्यांना बघायचेच पैसे मिळतात त्यांना मरतानाही बघायचं. 'साक्षीदाराने काय पाहिलं' हा प्रश्न चांगलाच आहे. पण प्रेक्षकाला काय बघायला बसवलंय हाही विचारा की.

घुबड

शुभदाताई, मुद्दा रास्त आहे आणि बचाव करायची माझी इच्छा नाही. फक्त एक भर घालतो. अर्जेंतोवर हा आरोप तेव्हाच होत होता, आणि त्याने तो 'तेनेब्रे'त (१९८२) थेट आणला. त्यात अमेरिकन रहस्यलेखक रोमला येतो आणि एक पत्रकार बाई पत्रकार परिषदेतच त्याला विचारते की तुमच्या पुस्तकांत बायकांचा इतका तिरस्कार का.

शुभदा_के

बघितलाय. आणि मग त्या पत्रकार बाईचं पुढे काय होतं तेही सांगा ना.

तीच मारली जाते. आणि कशी, तर कॅमेरा तिच्या घराच्या एका बाजूच्या खिडकीपासून निघतो, भिंतीवरून वर चढतो, छपरावरची कौलं जवळून हुंगत पलीकडे उतरतो, आणि हे सगळं एकाच शॉटमध्ये. लूमा क्रेनची (लांबून चालवता येणाऱ्या कॅमेऱ्याची क्रेन) ती करामत जगभर वाखाणली जाते. प्रश्न विचारणारीला उत्तर काय मिळालं, तर पिक्चरमधला सगळ्यात देखणा मृत्यू. याला आरोप अंगावर घेणं म्हणायचं की आरोप करणारीची खोड मोडणं, तुम्हीच ठरवा.

तरीही एक कबूल करते. 'प्रोफोंदो रोस्सो'मधली जान्ना मला फार आवडते. दारिया निकोलोदी. हेमिंग्जशी बायकांच्या समान हक्कांवर वाद घालता घालता पंजा लढवते आणि जिंकते. तिच्या त्या खटारा फियाटमध्ये बाजूची सीट खचलेली असते, त्यामुळे हा बाप्या तिच्या शेजारी चार वर्षांच्या पोरासारखा खाली बुडून बसतो आणि तिच्याकडे मान वर करून बोलतो. दोन मिनिटांचा विनोद आहे, पण कोण कुठल्या उंचीवरून बघतंय ते दिसतं.

डबिंगवाला

शुभदा के, तुमचा प्रतिसाद पटला.

मी आवाजाच्या धंद्यातला, म्हणून त्याबद्दल. नवीन बघणारे नेहमी विचारतात, इटालियन ऑडिओ लावू की इंग्रजी? उत्तर : दोन्ही डब आहेत. तेव्हा इटलीत शूटिंगच्या वेळचा आवाज वापरायचेच नाहीत. सेटवर हेमिंग्ज इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियनमध्ये, स्पॅनिश निर्मात्याचा पैसा असेल तर एखादी बाई स्पॅनिशमध्ये. नंतर स्टुडिओत सगळ्यांवर आवाज चढवायचे. पैसे दोन-तीन देशांतून यायचे, म्हणून नटही दोन-तीन देशांतले. ओठ जुळत नाहीत म्हणून हसू नका. आपल्याकडेही 'लगान'पर्यंत बहुतेक हिंदी पिक्चर डबच व्हायचे, फक्त भाषा एक असल्याने कळायचं नाही.

याचा एक फायदा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. सेटवरचा आवाज नसल्यामुळे शांतता पूर्ण तुमच्या ताब्यात. पंख्याचा आवाज नको, काढलाय. फक्त चामड्याच्या हातमोज्याचा करकर आवाज हवा, ठेवलाय. सर्जिओ मार्तिनोचा 'तोर्सो' (१९७३) बघा. शेवटचा जवळपास अर्धा तास संवाद नाहीत म्हटलं तरी चालेल. नायिकेचा पाय मुरगळलाय, डोंगरावरच्या बंगल्यात ती वरच्या खोलीत झोपून आहे, आणि खाली खुनी करवतीने प्रेतं कापतोय. वर कुणी आहे हे त्याला माहीत नाही. तिने श्वास जरा जोरात घेतला तरी संपलं. मी तो भाग हेडफोन लावून बघितला आणि पहिल्यांदाच माझ्या धंद्याचा अभिमान वाटला.

सारेगम

आवाजाचा विषय निघालाच आहे तर संगीताचं कुणीच का बोलत नाही? मोर्रिकोने म्हणजे वेस्टर्न, शिट्ट्या आणि चाबूक, एवढंच लोकांना माहीत. जाल्लोंसाठी त्याने एक्का काढला तो म्हणजे एद्दा देल्लोर्सोचा आवाज. शब्द नाहीत, नुसतं ला-ला-ला, मध्येच धापा टाकल्यासारखं. अंगाई वाटावी असं चालू असतं आणि पडद्यावर भलतंच. 'की ला विस्ता मोरीरे?' (१९७२) मध्ये तर लहान मुलांचा कोरस आहे. व्हेनिसमध्ये लहान मुलींचे खून होतात आणि दर वेळी पोरं गायला लागतात. खुनी यायच्या आधी कोरस येतो, त्यामुळे पुढे पुढे नुसत्या गाण्याने पोटात गोळा.

'प्रोफोंदो रोस्सो'ला आधी जॅझवाला जोर्जिओ गास्लिनी होता. अर्जेंतोचं बिनसलं आणि काम 'गॉब्लिन' या पोरगेल्या रॉक बँडकडे गेलं. तो बासचा ठेका आणि त्यावरचा ऑर्गन ऐकून मग गास्लिनीचं ऐका, का बिनसलं ते कळेल.

तर्कटशास्त्री

सगळ्यांचं कौतुक वाचून दोनतीन बघितले. माफ करा, पण रहस्य म्हणून हे पिक्चर भंगार आहेत. अर्जेंतोच्याच 'गात्तो आ नोवे कोदे'त (नऊ शेपट्यांची मांजर) गुन्हेगारी एक्सवायवाय गुणसूत्रातून येते ही थिअरी. त्याच्याच 'चार माश्या'वाल्यात मेलेल्या माणसाच्या बुबुळावर शेवटचं दृश्य उमटतं आणि लेझर लावून त्याचा फोटो काढतात! पोलीस हातावर हात ठेवून. खुन्याचा हेतू शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञ येऊन सांगणार. आमचे बाबूराव अर्नाळकर बरे, झुंजार निदान काहीतरी करायचा तरी.

घुबड

तर्कटराव, एक्सवायवाय आणि बुबुळ दोन्ही विज्ञान म्हणून टाकाऊ आहेत, मान्य. पण बुबुळाची कल्पना तिथे का आलीय ते बघा. सगळे जाल्लो 'शेवटी काय दिसलं?' याच प्रश्नाभोवती फिरतात. 'चार माश्यां'मध्ये तो प्रश्न थेट प्रेताच्या डोळ्यालाच विचारलाय. तर्क म्हणून हास्यास्पद, पण त्या जगात एकदम चपखल.

बाकी विस्कळीतपणाचं एक व्यावहारिक कारणही आहे. इटलीत तेव्हा थिएटरांच्या पायऱ्या होत्या. पहिल्या फेरीची मोठ्या शहरातली भारी थिएटरं, मग दुसरी, मग तिसऱ्या फेरीची गल्लीबोळातली आणि गावातली. यातले बरेचसे पिक्चर त्या खालच्या पायऱ्यांवर चालायचे. तिथे लोक रोजच यायचे, मध्येच यायचे, गप्पा मारायचे. अशा प्रेक्षकाला दर पंधरा मिनिटांनी मान वर करून बघावंसं वाटेल असं काहीतरी द्यावं लागतं.

आणि पैसा दिसला की रांग लागतेच. अर्जेंतोचा पक्षी चालल्यावर १९७१ या एका वर्षात सरडा, विंचवाची शेपटी, काळ्या पोटाची टॅरँट्युला, आगीच्या जिभेची इग्वाना आणि रक्ताळलेल्या पंखांचं फुलपाखरू, एवढे प्राणी पोस्टरवर आले. बहुतेकांत त्या प्राण्याचा कथेशी संबंध ओढूनताणून.

तर्कटशास्त्री

म्हणजे भंगार आहे, पण कारणमीमांसेसकट. चालेल. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

तोरिनोतला_मराठा

धागा उशिरा बघितला. सध्या शिकायला तोरिनोत (म्हणजे ट्युरिन) आहे, म्हणून लिहितो. 'प्रोफोंदो रोस्सो'ची कथा रोमची म्हणून सांगितली जाते, पण रस्त्यांचा मोठा भाग तोरिनोचा आहे. मार्क आणि दारू प्यायलेला कार्लो रात्री ज्या चौकात बोलत असतात आणि किंकाळी ऐकू येते, तो इथला पियात्सा सीएलएन. दोन आडव्या पहुडलेल्या पुतळ्यांची कारंजी आहेत, एक पो नदी आणि दुसरी दोरा. मागे सान कार्लो आणि सांता क्रिस्तिना या दोन चर्चच्या पाठी. पिक्चरमधला काचेचा 'ब्लू बार' शोधत बसू नका, तो एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स' चित्रावरून बेतलेला सेट होता.

मुद्दाम रात्री जाऊन उभा राहिलो. दिवसा तो चौक अगदी सरकारी, रुक्ष दगडाचा वाटतो. रात्री कमानींखालचा अंधार आणि मधली रिकामी फरशी बघितली की अर्जेंतोने काय हेरलं ते कळतं. त्याने तिथे फारसं काही केलेलंच नाही, फक्त माणसं काढून टाकली.

आणि तो भुताळी बंगला म्हणजे विला स्कॉट. १९०२ चा, पिएत्रो फेनोल्यो या वास्तुविशारदाचा. शूटिंगच्या वेळी तिथे नन्स चालवत असलेलं मुलींचं वसतिगृह होतं. सगळ्यांना कंपनीच्या खर्चाने रिमिनीला समुद्रावर सुट्टीला पाठवलं आणि मग आत कॅमेरे नेले, असं इथे सांगतात. आता खासगी आहे, फाटकातून बघावं लागतं.

मोरपिशी

ननना समुद्रावर पाठवून मागे खुनाचं शूटिंग! :ड

'सेत्ते नोते' बघितला बरं का. डोळे फक्त सुरुवातीलाच मिटले. आवडला. त्याच दिग्दर्शकाचा अजून एखादा सुचवा, झेपेल असा.

बांधावरची_बाभळ

मोरपिशी, झेपेल की नाही माहीत नाही, पण फुल्चीचा 'नोन सी सेवित्सिया उन पापेरीनो' (१९७२) बघाच. वरच्या सगळ्या पिक्चरांत फॅशन, फ्लॅट, विमानतळ, श्रीमंत लोक. हा दक्षिण इटलीतल्या डोंगरातल्या गावात घडतो. पहिल्याच दृश्यात वरून नवा कोरा हायवे जातोय आणि बाजूच्या मातीत एक बाई हातांनी खणतेय. गावातली लहान मुलं एकामागून एक मारली जातायत. त्या बाईला, माच्यारा म्हणतात तिला, करणी करणारी म्हणून सगळं गाव ओळखतं.

पोलीस तिला सोडून देतात, कारण खून तिने केलेले नाहीत. पण गावाला ते पटत नाही. स्मशानात गावातले पुरुष तिला साखळ्यांनी मारतात. बाजूला रेडिओ चालू आहे, आधी उडत्या चालीचं गाणं, मग ओर्नेल्ला वानोनीचं प्रेमगीत लागतं. मारणारे निघून जातात, गाणं चालूच. ती सरपटत हायवेपर्यंत जाते आणि शहरातली कुटुंबं गाड्यांतून बघत पुढे जातात. थांबत कुणी नाही.

मी मराठवाड्यातली. भानामती, करणी, 'तिची नजर चांगली नाही' हे ऐकत वाढले. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ उजाडावं लागलं, तेही दाभोलकरांच्या खुनानंतर. त्यामुळे तो प्रसंग मला इटलीतला वाटलाच नाही. घुबड, तुमचा 'साक्षीदार' मुद्दा इथे वेगळा होतो बघा. इथे अख्ख्या गावाने आधीच ठरवलंय की काय दिसतंय.

शुभदा_के

बाभळ, हा प्रसंग वर मी म्हटलेल्याच्या अगदी उलट आहे. इथेही बाई मरते आणि कॅमेऱ्याला वेळ आहे, पण त्यात मजा घ्यायला जागाच ठेवलेली नाही. फ्लोरिंदा बोल्कानने काय काम केलंय!

घुबड

बाभळ, फार चांगलं लिहिलंत. मूळ लेखात हा पिक्चर घ्यायला हवा होता असं म्हणणार होतो, पण तुमच्याकडून आला हेच बरं.

अवांतर : याच फुल्चीच्या 'सरडा'वाल्या पिक्चरमध्ये पोट फाडलेले जिवंत कुत्रे दिसतात. ते इतके खरे वाटले की प्रकरण कोर्टात गेलं, आणि स्पेशल इफेक्ट्सवाल्या कार्लो राम्बाल्दीला आपले नकली कुत्रे कोर्टात नेऊन दाखवावे लागले. हाच राम्बाल्दी पुढे स्पिलबर्गचा ईटी बनवणार होता.

लोकलचा_डबा

शनिवारी रात्री मित्रांना जमवून 'प्रोफोंदो रोस्सो' लावला. शेवट झाल्यावर सगळ्यांनी मिळून कॉरिडॉरचा शॉट मागे नेला. आहे! च्यायला, खरंच आहे! दोघंजण शपथ घेऊन सांगत होते की मघाशी ते तिथे नव्हतं, फाइल बदललीय.

एक प्रश्न. दर दुसऱ्या पिक्चरमध्ये ती हिरवी बाटली, पिवळं लेबल, जे अँड बी व्हिस्की. खुनीही तीच पितो, इन्स्पेक्टरही तीच. हे काय आहे?

नागपुरी_संत्री

तेव्हा इटालियन पिक्चरांत ती सर्रास दिसायची, जाहिरातच. जाल्लोप्रेमी आता प्रत्येक पिक्चरमध्ये ती मोजतात. एद्विज फेनेक या नटीचे पिक्चर बघायला घे, मोजता मोजता दमशील. 'सिन्योरा वार्ध'पासून सुरुवात कर.